जुन्या एमएक्स-५ ला रस्त्यावरचे टायर: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

गाडी: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९१ ची, १.६ लिटर इंजिन, पॉवर स्टीअरिंग नाही, मागे व्हिस्कस एलएसडी (मागच्या दोन चाकांना फार वेगळ्या गतीने फिरू न देणारी यंत्रणा). रिम मूळचेच ॲलॉय: व्यास १४ इंच, रुंदी साडेपाच इंच, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) ४५ मिमी, चार नट १०० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ५४.१ मिमी. टायरचं मूळ माप १८५/६० आर १४, ८२ एच: रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची, ८२ हा भाराचा आकडा, एच हे वेगाचं अक्षर.

काम: रस्त्यासाठी चार नवे टायर. गाडी ट्रॅकवर जाणार नाही. पावसात जाईल, लांबच्या प्रवासाला जाईल, वर्षाला फार तर चार-पाच हजार किमी.

आधी अंगावरचे टायर तपासले. नक्षी चारही चाकांवर ५ मिमीच्या वर. नुसतं बघणारा म्हणेल, बदलायचं कारणच काय? पण साइडवॉलवरचा डॉट क्रमांक पुढच्या जोडीवर २३१४ निघाला, म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. मागच्या जोडीवर ०८१६. ड्युरोमीटरने शोअर-ए मोजपट्टीवर रबराचा कडकपणा २० अंश सेल्सिअसला ७९ ते ८१ आला. त्याच तापमानाला एक नवा साधा टूरिंग टायर ६५ दाखवतो. तापमान सारखं ठेवायलाच हवं, थंडीत नवा टायरसुद्धा कडक भरतो.

कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर गोटा होऊन संपत नाहीत, वयाने संपतात. रबराला मऊ ठेवणारी तेलं उडत जातात, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबर खातात. ओझोनपासून वाचवणारं मेण टायर फिरताना दबत-ताणत पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीत तेही होत नाही. खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या त्या यामुळेच. असा टायर कोरड्या रस्त्यावर बरा वाटतो आणि ओल्यावर काही न सांगता सुटतो. चारही बाद.

पुढच्या डाव्या टायरची आतली कड हाताला करवतीसारखी लागते: एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर टोचते. ही टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) चुकल्याची खूण. नवे टायर घालून तसंच सोडलं तर तेही असेच जातील, म्हणून अलाइनमेंट याच कामात धरलं.

स्टेपनी मूळचीच, टी११५/७० डी१४. तिच्यावर क्रमांक तीनच आकडी: ४५०. २००० च्या आधी वर्षासाठी एकच आकडा असे, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून दशक कळत नाही. गाडी १९९१ ची, तेव्हा हा १९९० चा पंचेचाळिसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत, पण वय चौतीस वर्षं. तीही बदलायची.

१८ जानेवारी

मापं. मूळ टायरचा व्यास काढायचा तर १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, त्यात साइडवॉलची उंची दोनदा. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११. एकूण ५७७.६ मिमी. पर्याय याच्याशी ताडले.

१९५/६० आर १४: ५८९.६ मिमी, २.१ टक्के मोठा. १८५ सहज मिळेना म्हणून बरेच जण हा घालतात. बसतो, घासत नाही. पण साडेपाच इंची रिम ही या मापाची सगळ्यात अरुंद चालणारी रिम. दोन्ही बीड (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडा) जवळ येतात, साइडवॉल बाहेर फुगते, आणि स्टीअरिंग वळवल्यापासून गाडी वळेपर्यंत मध्ये काहीतरी रबरी राहतं. शिवाय गिअरिंग लांबतं. ११६० किलोच्या आसपास वजनाचं गाडं असतं तर हरकत नव्हती, या गाडीचं काम निराळं. नको.

१९५/५० आर १५: ५७६ मिमी, फरक पाव टक्क्याच्या आसपास. आकड्यांत सगळ्यात जवळचा पर्याय हाच. मात्र रिम नवे लागतात.

२०५/५० आर १५: ५८६ मिमी, दीड टक्का मोठा. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना हाताला कळेल.

१९५/५५ आर १५: ५९५.५ मिमी, ३.१ टक्के मोठा. चाकाच्या कमानीत गाडी उंच चढल्यासारखी दिसते, मीटरही कमी दाखवतो. इथेच सोडला.

मीटरबद्दल एक गोष्ट: या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकावरून येते. टायर मोठा झाला की वेग आणि अंतर दोन्ही कमी नोंदले जातात. छोटा झाला की उलट.

म्हणजे लढत दोघांची: मूळचं १८५/६० आर १४, किंवा १९५/५० आर १५ नव्या रिमवर.

२५ जानेवारी

चारही चाकांखाली काटे ठेवून वजन केलं. टाकी अर्धी, चालकाच्या जागी ७५ किलोची पोती, स्टेपनी जागेवर. एकूण १०३४ किलो. सगळ्यात जड कोपरा २६८ किलो.

सगळी निवड या आकड्यावर फिरते, म्हणून जरा सविस्तर. भार निर्देशांक ८२ म्हणजे टायर ४७५ किलो पेलतो, अडीच बार हवेला. आपल्या कोपऱ्यावर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन. म्हणूनच कंपनीने हवा २६ पीएसआय, म्हणजे १.८ बार सांगितली आहे. आजच्या गाड्यांच्या सवयीने ३२-३३ भरली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा पट्टा आखूड होतो, आणि खडबडीत वळणावर गाडी उड्या मारत बाजूला सरकते.

आता एक्सएल टायर. यात साइडवॉल आणि आतले थर जड गाडीसाठी मजबूत केलेले असतात, आणि पूर्ण भारासाठी २.९ बार हवा धरलेली असते. १९५/५० आर १५ मध्ये साधा टायर ८२ चा, एक्सएल ८६ चा, म्हणजे ५३० किलोचा. या गाडीखाली त्याच्यावर निम्मंच वजन येतं. साइडवॉल दबतच नाही. मग दोन त्रास होतात. छोटे खड्डे सरळ अंगावर येतात. आणि टायर घसरणार आहे हे साइडवॉलच्या हळूहळू वाकण्यातून जे हाताला कळतं, ते कळत नाही. हवा कमी करून हा कडकपणा जात नाही, कारण तो रबरात आणि धाग्यांत आहे, हवेत नाही. २२ पर्यंत उतरवलं तर कडा झिजतात आणि उड्या तशाच राहतात.

जास्त भार पेलणारा टायर म्हणजे जास्त चांगला टायर, हा हिशेब हलक्या गाडीला लागू नाही. यादीतून एक्सएल सरळ काढले.

२ फेब्रुवारी

१५ इंची चाकांचा संच चाचणीपुरता मिळाला: १५ बाय ७ इंच, ऑफसेट ३५, त्यावर १९५/५० आर १५, ८२ चा, एक्सएल नाही. काट्यावर १४ इंची रिम ५.६ किलो, टायर ७.२. १५ इंची रिम ६.९, टायर ८.४. चाकामागे अडीच किलोची भर, तीही स्प्रिंगच्या खाली, आणि त्यातली बरीचशी परिघाजवळ, जिथे फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. १.६ च्या इंजिनला हे जाणवतं.

कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वळणात धार आली, हे मान्य. साइडवॉल १११ वरून ९७.५ मिमी झाली त्याचा हा फायदा. पण रस्ता तुटका झाला की स्टीअरिंगला झटके सुरू. दोष टायरपेक्षा ऑफसेटचा जास्त: ४५ चा ३५ केला की टायरचा मध्य १० मिमी बाहेर जातो, स्टीअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यापासून तेवढा लांब. एका चाकाला खड्डा लागला की तो टायर लांब दांड्यासारखा स्टीअरिंग ओढतो. ब्रेक मारतानाही तेच. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. १५ इंच घ्यायचेच असतील तर ६ किंवा साडेसहा इंची, ४० ते ४५ ऑफसेटचे आणि ६ किलोच्या आतले रिम शोधावेत.

आपण १४ वरच राहतोय.

९ फेब्रुवारी

माप ठरलं, आता रबर आणि नक्षी.

ट्रेडवेअर (टायरवरचा झिजेचा आकडा, लहान म्हणजे लवकर झिजणारा) २०० च्या गटातले चिकट टायर १४ इंचात आजही मिळतात आणि मोह पडतो. ते नाकारण्याची कारणं तीन. पहिलं, त्यांना गरम व्हायला लागतं. हजार किलोची गाडी रस्त्याच्या वेगात त्यांना तेवढं तापवत नाही. थंड असताना ते चांगल्या टूरिंग टायरपेक्षा कमी पकडतात, आणि यातल्या काही रबरांना गोठणबिंदूखाली वाकवलं तर तडे जातात. दुसरं, मऊ सस्पेन्शनची गाडी इतक्या पकडीने जास्त झुकते, बाहेरच्या चाकाचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बिघडतो, आणि टायरच्या खांद्यावर भार येतो. तिसरं कारण पाणी.

नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून एक सूत्र निघालं: खोल पाण्यात, नक्षी नसल्यासारख्या टायरवर, चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ताशी किमीमध्ये तो साधारण १६.७ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. २६ पीएसआयला ८५ किमी येतो, ३२ ला ९४. खाचा चांगल्या असल्या की ही मर्यादा वर सरकते. पण कमी हवेवर चालणारी हलकी गाडी मुळातच खालून सुरुवात करते, तेव्हा तिला पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल, सलग खाचा हव्यात. ट्रेडवेअर २०० वाल्यांत नेमकं तेच कमी असतं.

उलट टोकाला ऑल-सीझन. त्यांच्या ठोकळ्यांना असंख्य चिरा असतात, वळणात ते ठोकळे दातांसारखे हलतात. गाडीच्या स्टीअरिंगमध्ये जी नजाकत आहे ती तिथेच मरते.

ट्रेडवेअरच्या आकड्याविषयी: तो टायर कंपनी स्वतःच चाचणी करून ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला चालतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा युरोपीय लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी कामाची. मे २०२१ पासून ती ए ते ई आहे. रोलिंग रेझिस्टन्सची श्रेणी बघितलीच नाही. चार हजार किमीत इंधन वाचून किती वाचणार, आणि ती श्रेणी वर नेताना काही स्वस्त टायरांत ओली पकड खाली जाते.

वेगाचं अक्षर एच, म्हणजे ताशी २१०. गाडी तेवढी पळत नाही, तरी टी घ्यायचा नाही. एक तर मूळ अक्षराच्या खाली उतरणं अनेक देशांत नियमात बसत नाही. दुसरं, एच आणि वरच्या टायरांत स्टीलच्या पट्ट्यांवर बहुधा नायलॉनचा थर असतो, त्याने टायर वेगात आकार धरून राहतो.

ठरलं: १८५/६० आर १४ ८२ एच, उन्हाळी स्पोर्ट-टूरिंग, एक्सएल नाही, ओल्या पकडीची श्रेणी बी किंवा वर, नवा असताना नक्षी ७.५ मिमीच्या वर. चारही एकाच प्रकारचे.

१६ फेब्रुवारी

टायर आले. तीन ४०२४, एक १९२१. चौथा पावणेचार वर्षं कुठेतरी पडून होता. परत पाठवला. चुंबळीसारखे एकात एक दाबून बांधून ठेवलेले टायर आतून बीडपाशी वाकलेले असू शकतात, म्हणून प्रत्येकाचा बीड बोट फिरवून पाहिला. मागवतानाच 'चारही एकाच वर्षाचे, बारा महिन्यांच्या आतले' असं लेखी मागायला हवं होतं. बदली टायर चार दिवसांत आला: ४३२४. चालेल. वजनं ७.१ ते ७.२ किलो, ड्युरोमीटर ६४.

२२ फेब्रुवारी

रिम. जुने टायर उतरवल्यावर बीड बसतो त्या जागेवर पांढरी बुरशीसारखी भुकटी: ॲल्युमिनियमचा गंज. आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा कमी होत होती ती इथून. पंक्चर शोधून सापडलं नसतं. घासकाम हिरव्या घासणीने आणि साबणपाण्याने केलं. कानस किंवा ग्राइंडर लावायचा नाही, खड्डा पडला की तो कायमची गळती.

डायल गेजने रिमचा आउट (फिरताना कड किती डगमगते ते) मोजला. तीन रिम ०.४ मिमीच्या आत. चौथा उभ्या दिशेने ०.९. आमची मर्यादा १ मिमी, म्हणून ठेवला, पण तो मागे घालायचा. पुढे असता तर स्टीअरिंगवर थरथर आली असती. व्हॉल्व्ह चारही नवे. जुना व्हॉल्व्ह मुळाशी वाकवून बघा, भेगा तिथे दडलेल्या असतात.

२३ फेब्रुवारी

टायर चढवले. पिवळा ठिपका हा टायरचा सगळ्यात हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर. लाल ठिपका असेल तर त्याला मान आधी: तो टायरच्या उंचवट्याची खूण, रिमच्या सगळ्यात खोलगट जागेसमोर लावायचा. आउट असलेल्या रिमवर हे केलं तर ०.९ चा परिणाम बराच पुसला गेला.

बीड बसताना दोन आवाज यायला हवेत, आणि साइडवॉलवरची बारीक गोल रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारखी दिसायला हवी. एका चाकात ती एका जागी आत गेली होती. हवा काढून, पुन्हा वंगण लावून बसवला. हेच राहून जातं आणि मग लोक तासभर बॅलन्सिंग करत बसतात.

बॅलन्सिंग ५४.१ च्या भोकात नीट बसणाऱ्या शंकूवर, वजनं आतल्या बाजूला चिकटवायची. कडेला ठोकायची वजनं जुन्या रिमचा रंग उचकटतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. सर्वांत जास्त लागलं ३० ग्रॅम, आउट रिमला.

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ. गंजाचा पापुद्रा राहिला की चाक तिरकं बसतं. नट आधी हाताने, मग आडवे-उभे, गाडी जमिनीवर टेकल्यावर १०० न्यूटन-मीटर. टायर आणि रिमवर मिळून एक पांढरी रेघ मारली.

१ मार्च

अलाइनमेंट. या गाडीत पुढच्या खालच्या आर्मला दोन एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या चकतीचे) बोल्ट: दोन्ही सारखे फिरवले की कॅम्बर, उलटसुलट फिरवले की कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल). मागेही दोन, कॅम्बर आणि टोसाठी. पुढचा टो टाय-रॉडवर.

पुढच्या डाव्या बाजूचा मागचा बोल्ट जाम. लक्षण ओळखण्यासारखं आहे: पाना फिरतो, बोल्टही फिरल्यासारखा वाटतो, आणि सोडला की परत मागे येतो. बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीला गंजून चिकटलेला असतो, आपण फक्त रबर पिळत असतो. जोर केला तर बुश फाटतो. गॅसने तापवलं तर रबर जळतं. तीन दिवस भेदक तेल सोडून पाहिलं, हलला नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी पात्याने कापला. नवा बोल्ट, नवा बुश, नळीत अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण). हे तपासणं टायर मागवण्याआधीच व्हायला हवं. क्रम चुकला.

शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच. हवेत लटकलेली असताना आवळलं तर बुश कायमचा पिळलेला राहतो, गाडी उंच बसते आणि रबर लवकर फाटतं.

हवा २६, टाकी अर्धी, सीटवर ७५ किलो. पुढे कॅम्बर उणे ०.८ अंश, कॅस्टर ५, टो एकूण १ मिमी आत. मागे कॅम्बर उणे १.३, टो २ मिमी आत. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा जास्त उणे ठेवला की मर्यादेवर गाडीचं नाक आधी सरकतं, शेपूट नाही. मागचा टो बाहेर गेला तर ओल्यात गॅस सोडताच गाडी फिरते. बाकी आकड्यांत चवीला वाव आहे, यात नाही.

८ मार्च

पहिले ३०० किमी सौम्य. साच्यातून सुटायला लावलेला पदार्थ घासून जाईपर्यंत नवा टायर निसरडाच असतो. चढवतानाचं साबणी वंगण पहिल्या दिवशी बीडखाली ओलं असतं, तेव्हा जोरात गॅस किंवा ब्रेक नाही. पांढरी रेघ तुटली नाही, म्हणजे टायर रिमवर सरकला नाही.

मग हवा. तापमान सुई खुपसणाऱ्या पायरोमीटरने घेतलं. इन्फ्रारेड फक्त कातडी पाहतो आणि ती काही सेकंदांत थंड होते. एकाच वळणदार रस्त्यावर वीस मिनिटं, मग पुढच्या टायरची बाहेरची कड, मध्य आणि आतली कड. ३० पीएसआयला ३९, ४५, ४१: मध्य तापला, हवा जास्त. २२ ला ४६, ४१, ४५: कडा तापल्या, हवा कमी. २६ ला ४१, ४२, ४३. गाडीच्या दारावरचा आकडा तीस वर्षांनीही बरोबर.

गरम झाल्यावर २६ ची २९ होते. ती सोडून २६ करायची नाही, मोजणी थंड टायरचीच. पंपावरच्या मीटरवर विसंबू नये. अशा दोन मीटरांत आम्हाला ३ पीएसआयचा फरक मिळाला, आणि इथे २ पीएसआयनेही गाडी बदलते.

२९ मार्च

८०० किमी. नट पहिल्या ७० किमीनंतर पुन्हा आवळले होते, एक थोडा फिरला. हवेची घट महिन्यात १ पीएसआयच्या आत. नक्षी चारही टायरवर, तीन जागी मोजून, ७.६ ते ७.८ मिमी. पुढच्या डाव्याची आतली कड दोन्ही दिशांनी सारखीच गुळगुळीत.

ताशी ९५ ला बारीक थरथर सीटमधून येत होती. स्टीअरिंगमध्ये नाही, म्हणजे मागून. मागचं उजवं चाक हबवर एक नट पुढे फिरवून बसवलं, ती गेली. रिमचा आउट आणि हबचा थोडासा आउट एकाच बाजूला आले होते. जागा कळावी म्हणून स्टडवर रंगाचा ठिपका.

स्टेपनी बदलली, त्याच मापाची, हवा ६० पीएसआय. तिचा व्यास ५१७ मिमी, रस्त्यावरच्या टायरपेक्षा साठ मिमीने लहान. मागे घातली तर दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि व्हिस्कस एलएसडी सतत घासत तापतो. मागे पंक्चर झालं तर पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे. जॅक दोनदा लावावा लागतो. डिकीच्या झाकणाच्या आत तसं लिहून चिकटवलं आहे.

पुढची तपासणी ३००० किमीला: नक्षी, टो आणि ड्युरोमीटर.